पहिल्या दिवशी मुका झालेला कीबोर्ड

आमच्या घरात चांद्र नववर्षाच्या पहिल्या दिवशी कुणी भांडायचं नाही, रडायचं नाही, मोडलं-मेलं-संपलं असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कुणाकडे काही उसनं मागायचं नाही आणि झाडू दाराच्या दिशेने फिरवायचा नाही. हे नियम सासूने मला घालून दिले आणि मी सगळ्या घराला. ज्याला पटत नसतील त्याने हॉटेलात जाऊन सण करावा. मी कुणाला दोरीने बांधून आणलेलं नाही.

या नियमांचा सगळ्यात जास्त त्रास मलाच होतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझं तोंड कसं आहे ते आमच्या थायनान शहरातल्या मासळीबाजारात कुणालाही विचारा. तिथे तीस-पस्तीस वर्षं सबाही माशाची पेज विकली आहे मी, गोड बोलून नाही विकली. शाळा म्हणाल तर चार यत्ता. पण पहिल्या दिवशी मी दात आवळून बसते, काहीही झालं तरी. या वर्षी मात्र जे झालं ते असं.

सकाळी देवाला आणि पूर्वजांना नैवेद्य दाखवून झाला होता, मुळ्याच्या वड्या तळून झाल्या होत्या, पोरांना पैशांची लाल पाकिटं देऊन झाली होती. माझा धाकटा, मिंग-थाय, बायकोला घेऊन शिंचूहून आला होता. तो तिकडे चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हे तो स्वतःच दर दहा मिनिटांनी सांगतो, त्यामुळे मला वेगळं सांगायला नको. येताना त्याने गाणी म्हणायचा नवा माईक आणला होता, बिनवायरीचा. सकाळभर पुतणीचा लॅपटॉप टीव्हीला जोडून तो रेकत होता. मी काही बोलले नाही. पहिला दिवस.

त्याची बायको पेई-फांग ताइपेची. कलिंगडाच्या बियांच्या टरफलांनी जमीन भरली होती म्हणून तिने झाडू घेतला आणि सरळ दाराकडे निघाली की हो ती!

"अगं, काय करतेस?" मी म्हटलं.

"आई, कचरा काढतेय."

"घराची लक्ष्मी काढतेयस तू. आत ओढ, आत. कोपऱ्यात ढीग कर. पाचव्या दिवसापर्यंत राहू दे तो."

"पाच दिवस? आई, त्यात संत्र्याची सालं आहेत."

"मग काय झालं? संत्र्याच्या सालींना सुगंध असतो."

तिने नवऱ्याकडे पाहून डोळे फिरवले. मला दिसलं. तरी गप्प बसले. टरफलं, शेंगदाण्याची फोलं, सालं, फटाक्यांचा लाल कागद असा सगळा ढीग तिने देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीजवळ करून ठेवला. पुढे जे झालं त्याचा या ढिगाशी संबंध आहे, म्हणून सांगितलं.

दुपारी जेवणं आटोपली, मी खुर्चीत जरा डोळा लावला होता, तेवढ्यात वान-जू बाहेर आली. वान-जू माझी नात, थोरल्याची मुलगी. बालवाडीत होती तेव्हा तिची आई कॅनडाला गेली ती गेली. वेण्या मी घातल्या, शाळेत मी सोडलं, ताप आला तेव्हा रात्री मी जागले. आता पोरगी मत्स्यशेतीचं शिकून पदवीधर झाली आहे. हातात कीबोर्ड धरून उभी होती आणि चेहरा असा की रक्त उतरलेलं.

"काका, हा चालत नाहीये."

"काय चालत नाहीये?"

"कीबोर्ड. एक अक्षर उमटत नाही. चार वाजता माझी परीक्षा आहे."

ही परीक्षा म्हणजे माझ्या डोक्यात गेलेली गोष्ट. नॉर्वेच्या कुठल्याशा मत्स्य संशोधन केंद्रात नोकरी. दोन तास, कॅमेऱ्यासमोर बसून, प्रश्नांची उत्तरं टाइप करायची. आणि दिवस कुठला दिला? आमच्या वर्षाचा पहिला. पोरीने आधी नम्रपणे कळवलं होतं की त्या दिवशी आमचा सण आहे, एक दिवस इकडेतिकडे होईल का. उत्तर आलं, सणाच्या शुभेच्छा, तारीख तीच. शुभेच्छा! चुलीत घाला त्या. स्वतःच्या नाताळात घेतील का हे लोक परीक्षा? त्यांच्या नाताळाला आम्ही इथे दुकानांत झाडं सजवतो, आणि आमचा सण त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात साधा लाल रंगातही नसतो.

तिच्या लॅपटॉपच्या अंगच्या कळा गेल्या उन्हाळ्यात कोहळ्याचं गोड सरबत सांडून चिकटून बसल्या होत्या. म्हणून हा बाहेरचा बिनवायरीचा कीबोर्ड घेतला होता. आणि परीक्षा त्याच लॅपटॉपवर द्यायची, दुसरा चालत नाही, तिकडे आधी नोंदवलेला असतो.

मिंग-थायने बाह्या सरसावल्या. इंजिनिअर ना!

"बघू इकडे. हं. काही नाही, हा मे—"

"तोंड!" मी म्हटलं.

"—हा विश्रांती घेतोय."

"मग उठव त्याला."

त्याने कीबोर्ड उलटा केला, मागची कळ खालीवर केली, थोपटला, फुंकर मारली. काही नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. मग उठून त्याने पिशवीतून मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी काढली आणि लॅपटॉपशेजारी ठेवली. त्या पुडीचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं आहे, म्हणून यंत्रानेही तसं वागावं.

"हे तुमच्या कारखान्यात शिकवतात?" मी विचारलं.

"आई, आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर असते. हसू नकोस. करोडोंची यंत्रं याच्यावर चालतात."

"काका," वान-जू म्हणाली, "पुडीची तारीख उलटलीये."

पेई-फांग फिस्सकन हसली. मिंग-थायने पुडी मुकाट्याने परत पिशवीत घातली.

तोवर माझा थोरला, कुओ-चिन, आमच्या माशांच्या तळ्यावरून आला. तो फार बोलत नाही. त्याने काय झालं ते ऐकलं, टीव्हीचा रिमोट उघडला, त्यातले सेल काढले आणि कीबोर्डात घातले. कोपऱ्यात हिरवा दिवा लागला.

"लागला!" पेई-फांग ओरडली.

वान-जूने कळा दाबल्या. पडद्यावर रेघ नुसती लुकलुकत होती.

"म्हणजे कीबोर्ड जिवंत आहे," मिंग-थाय म्हणाला, "फक्त लॅपटॉपला त्याचं ऐकू येत नाहीये. त्याचा रिसीव्हर, ती छोटी खुंटी, लॅपटॉपच्या खाचेत आहे ना?"

"आहे. बघा ना, लावलेलीच आहे."

मी पण पाहिलं. नखाएवढी काळी खुंटी खाचेत होती. मिंग-थायने ती काढून शर्टाला पुसली, पुन्हा लावली. माऊसची वायर काढून तिच्या जागी लावून पाहिली. वान-जू घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

"माऊसने पडद्यावरची अक्षरं टोचता येतात की," पेई-फांग म्हणाली.

"काकू, दोन तासांत पानंच्या पानं लिहायची आहेत. एकेक अक्षर टोचत बसले तर पहिलाच प्रश्न पुरा होणार नाही."

"विकत आणू."

"आज कुठलं दुकान उघडं आहे? नाक्यावरच्या चोवीस तासवाल्यात मी आत्ताच फोन करून विचारलं. उकडलेली अंडी आहेत, छत्र्या आहेत, मोजे आहेत. कीबोर्ड नाही."

मग ती माझ्याकडे वळली. मला आधीच कळलं होतं ती काय मागणार ते.

"आजी, त्सायआजोबांच्या घरी कॉम्प्युटर आहे. त्यांचा कीबोर्ड वायरवाला आहे. दोन तासांसाठी मागून आणू?"

"नाही."

"आजी!"

"पहिल्या दिवशी कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. आज उसनं मागितलं की वर्षभर मागत बसावं लागतं. आणि मागायचं कुणाकडे, तर त्या त्सायकडे? देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्या माणसाची मान खाली येत नाही. तो गल्लीभर सांगत सुटेल की लिआवच्या घरात साधा कीबोर्ड नाही."

"आई, दोन तासांचाच प्रश्न आहे," मिंग-थाय म्हणाला.

"तू गप्प बस. तू तुझी पुडी सांभाळ."

वान-जू रडली नाही. रडली असती तर मी ओरडून मोकळी झाले असते. ती सरळ माझ्या समोर येऊन उभी राहिली, लहानपणी चोरून गोळी खाताना पकडली की उभी राहायची तशीच, हनुवटी वर करून.

"आजी, नियमाचं नाव कशाला पुढे करतेस? तुला मी जायलाच नकोय. कीबोर्ड चालत नाही याचा मनातून आनंद झालाय तुला."

कुओ-चिन म्हणाला, "वान-जू," एवढंच.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! वाटलं, उठावं आणि विचारावं, कुणाच्या पेजेच्या पैशांवर शिकलीस गं? मासे साफ करून करून माझी बोटं वाकडी झाली ती कुणासाठी? आणि आता कुठली तरी बर्फातली माणसं, ज्यांना आमचा सण माहीत नाही, ती बोलावतात म्हणून निघालीस तोंड वर करून? पण दिवस पहिला. मी खुर्चीचे हात धरले आणि तोंड मिटून बसले. आणि राग आला तो जास्त कशाचा, तर पोरगी अगदीच चुकीचं बोलली नव्हती त्याचा.

कुओ-चिनला असल्या शांततेत बसवत नाही. सोफ्यावर बसायला गेला तर मिंग-थायचा माईक आडवा पडलेला. तो बाजूला ठेवायला उचलताना त्याचा अंगठा कळीवर पडला असावा. आणि तो मोठ्ठा सुस्कारा टाकून म्हणाला, "काय हे घर!"

लॅपटॉपमधून ढगातून आल्यासारखा आवाज घुमला: काय हे घर!

सगळे दचकले. पेई-फांगने तर छातीला हात लावला.

वान-जू आधी लॅपटॉपकडे, मग माईककडे, मग त्या काळ्या खुंटीकडे पाहत राहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "ही खुंटी माझी नाहीच. ही तुमच्या माईकची आहे."

"हॅ! असं कसं?"

"सकाळी तुम्ही माईक लावायला माझी काढलीत. आणि मग हीच ठेवून लॅपटॉप परत आणून दिलात. दोन्ही दिसायला सारख्या. आपण मघापासून माईकची खुंटी पुसतोय."

मिंग-थायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारखान्यातल्या करोडोंच्या यंत्रांचं रक्षण त्या पुड्याच करत असणार, माझी आता खात्री पटली.

"मग माझी कुठंय?"

"मी ती... थांब, आठवू दे. हात भरलेले होते. हां, बियांच्या ताटलीत ठेवली. हरवायला नको म्हणून."

"ताटलीत!" पेई-फांग म्हणाली. "ती ताटली मी रिकामी केली."

"कुठे रिकामी केलीस?"

तिने नुसतं बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना देव्हाऱ्याखालच्या ढिगाकडे वळल्या.

"बाहेर ओढून टाकणार होते," ती पुटपुटली. "आईंनी टाकू दिलं नाही."

"आणि टाकलं असतंस तर?" मी विचारलं. "वाऱ्यावर गेली असती ती खुंटी, गटारात. आता फिरव डोळे. सकाळी फिरवले होतेस ना, तसेच."

तिने काही फिरवले नाहीत.

मग एकच धांदल. कुओ-चिन तळ्यावरची, माशांची पिल्लं चाळायची बारीक जाळी घेऊन आला. मिंग-थाय गुडघे टेकून ओंजळी भरून टरफलं जाळीत टाकत होता, पेई-फांग साली निवडत होती, वान-जू जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली बघत होती. चाळलं की कचरा एका बाजूला, पुन्हा दुसरी ओंजळ. चार वाजायला फार वेळ उरला नव्हता. मला कुणी 'उठ' म्हटलं नाही, मीही उठले नाही.

आणि माझ्या उजव्या सपातेखाली काहीतरी टणक लागलं.

टरफल पायाखाली आलं तर फुटतं. हे फुटलं नाही. मी पाय थोडा सरकवला, फटीतून पाहिलं. काळी, नखाएवढी. ढिगाच्या कडेला घरंगळून माझ्या पायाशी आली होती.

मी पाय परत ठेवला.

तुम्ही म्हणाल, का? मला विचारू नका. समोर माझे दोन मुलगे गुडघ्यांवर बसले होते, नात जमिनीवर आडवी पडली होती, तिच्या केसांत बियांची टरफलं अडकली होती. तेच केस मी विंचरत आले. नुसतं बसून राहायचं होतं मला, बाकी काही करायचं नव्हतं. नियमाने बसायचं, गप्प बसायचं. चार वाजून गेले असते, नॉर्वेवाल्यांनी तिचं नाव खोडलं असतं, सणाच्या शुभेच्छांसकट. मग पोरीला इथेच कुठेतरी नोकरी मिळाली असती, चियाईला, काऊशुंगला, रविवारी घरी पेज खायला आली असती. आणि कुणाला कधी कळलं नसतं.

वान-जूने कपाटाखालून हात बाहेर काढला. धुळीने माखलेला. ती उठून बसली, आणि मला म्हणाली काय, तर, "आजी, तू पाय वर घे जरा. तुझ्या पायाला जाळीची तार लागेल."

तुला माझ्या पायाची काळजी! आत्ता! मघाशी मला तोडून बोललीस ते बोललीस, आणि आता पाय वर घे?

असा संताप आला मला, तिचा, त्या बर्फातल्या लोकांचा, तिच्या आईचा, माझ्या पायाचा. मी खाली वाकले, खुंटी उचलली आणि टेबलावर अशी आपटली की संत्री हलली.

"घे! घे आणि हो चालती! माझ्या पायाखाली काय शोधत बसता सगळे, डोळे आहेत की बटणं? इंजिनिअर म्हणे! आणि तू, जा, बस त्यांच्यासमोर, लिही, आणि असं लिही की त्या मेल्यांना कळलं पाहिजे की तळं काय असतं आणि मासा काय असतो. अर्धवट लिहून आलीस तर दारात उभी करणार नाही."

'मेले' म्हणाले मी. पहिल्या दिवशी, देव्हाऱ्यासमोर. पेई-फांगने तोंडावर हात धरला. वान-जूने खुंटी घेतली, एक क्षण माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात तिला काय कळलं नि काय नाही ते तिचं तिला ठाऊक, आणि ती खोलीत पळाली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून कळांचा आवाज यायला लागला, आधी अडखळत, मग सलग, कढईत तीळ तडतडावेत तसा.

आता शांत बसायला हवं होतं की नाही सगळ्यांनी? तर नाही. गल्लीच्या तोंडाशी ढोल सुरू झाला. देवळाचं सिंहनृत्याचं पथक दरवर्षी घरोघर येतं, झांजा, ढोल, फटाक्यांची माळ. दारात सिंह नाचला की घरात बरकत. आणि पथकाच्या पुढे छाती काढून कोण, तर त्साय म्हातारा.

मी उठून बाहेर गेले आणि दारात आडवी उभी राहिले.

"शुभ वर्ष, लिआववहिनी! व्हा बाजूला, सिंह आत येतोय."

"येत नाहीये. ढोल बंद करा."

"काय?"

"ऐकू कमी येतं का? आत माझी नात परीक्षा देतेय. ढोल बंद, झांजा बंद, माळ लावायची नाही. ना माझ्या दारात, ना शेजारच्या, ना समोरच्या. आधी देवळामागच्या गल्लीत जा, इकडे सहानंतर या."

त्सायचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वहिनी, शुद्धीवर आहात ना? सिंहाला दारातून परत पाठवताय? पहिल्या दिवशी? वर्षभर घरात काही टिकणार नाही!"

"माझ्या घरात काय टिकायचं ते माझं मी बघेन."

"आणि भांडताय वर! आज भांडलात तर वर्षभर भांडत बसाल!"

"मग सोपं आहे की. रोज तुमच्याच दारात येऊन भांडत जाईन, लांब जायला नको. उचला तो ढोल!"

सिंहाच्या आतली दोन पोरं तोंड बाहेर काढून बघत होती. ढोलवाल्याने काठी उगारली तशी मी ती धरली. धरली म्हणजे धरलीच, मासळीबाजारातली पकड आहे ही. त्साय बोलत राहिला, मंडळाचं नाव, देवाचा कोप, माझ्या सासूचा मान, सगळं काढलं त्याने. मीही काही बाकी ठेवलं नाही. त्याच्या अध्यक्षपदापासून सुरुवात केली आणि त्याच्या बापाने माझ्या सासऱ्याच्या तळ्याचा बांध फोडला होता तिथपर्यंत गेले. सासूने घालून दिलेला एकेक नियम मी त्या दारात उभी राहून मोडला. मागे मिंग-थाय "आई, आई" करत होता, त्यालाही एक दिली. तोंडानेच.

शेवटी पथक वळलं. सिंह खाली मान घालून गेला.

मग मी दारातच स्टूल टाकून बसले. समोरची पोरं फटाका घेऊन आली, नुसतं पाहिलं, परत गेली. कुणाची स्कूटर फटफटली, त्याला हात दाखवून बंद करायला लावली, ढकलत नेली त्याने. उजेड पिवळा झाला, मग भिंतींवरून वर सरकत गेला. आतून तडतड चालू होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण थांबली की माझा जीव वर यायचा, सुरू झाली की राग यायचा. पोरगी चांगलं लिहीत होती. एवढं सलग कुणी वाईट लिहीत नाही.

अंधार पडायच्या सुमाराला दार उघडलं. वान-जू बाहेर आली, केसांत अजून एक टरफल. माझ्याशेजारी पायरीवर बसली. मी टरफल काढलं आणि आतल्या ढिगावर नेऊन टाकलं, बाहेर नाही.

"आजी," ती म्हणाली, "मघाशी बाहेर केवढं ओरडत होतं कोणीतरी. कोण होतं?"

"त्साय म्हातारा," मी म्हटलं. "दुसरं कोण असणार?"